पाचारण मास्तर

माणसाच्या हातात काहीएक नाही, असं आमच्या पाचारण मास्तरांचं ठाम मत होतं. आणि ते लोकांना पटावं म्हणून दर रविवारी सकाळी सहा वाजता ते मिशन कंपाउंडातल्या घरोघरी जाऊन दारं बडवत. कडी वाजवत नसत, तळहाताने दारच बडवत. माझे बाबा मिशनच्या शाळेचे हेडमास्तर. आठवड्यातून एक दिवस उशिरा उठण्याचा त्यांचा हक्क होता, पण तो मास्तरांना मान्य नव्हता.

"उठा हेडमास्तर! देवानं बोलावलंय!"

"देवानं बोलावलंय तर देव येईल की," बाबा पांघरुणातून म्हणत. "तुम्ही कशाला आलात?"

"त्यानंच धाडलंय मला. उठा, चहा टाकायला सांगा."

पाचारण हे नाव त्यांना आम्ही मुलांनी दिलं. आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, शिकवणीत पाचारण हा एक जड शब्द आहे. जग निर्माण होण्याआधीच देवाने आपली माणसं निवडून ठेवली आहेत, आणि वेळ आली की तो त्यांना आतून अशी हाक मारतो की ती टाळणं माणसाला जमत नाही. त्या हाकेला पाचारण म्हणायचं. माणूस स्वतःच्या अकलेने, पुण्याने किंवा हट्टाने देवापर्यंत पोचत नाही. देव ओढतो, मगच माणूस येतो. दर शनिवारी प्रश्नोत्तरावलीच्या वर्गात मास्तर हे आमच्याकडून घोकून घेत. टाळता न येणारी हाक कशी असते हे आम्हाला वेगळं समजावून द्यावं लागलं नाही. आम्ही ती रविवारी सकाळी सहाला ऐकत होतो.

तुम्हा परदेशातल्या नातवंडांपैकी एकाने गेल्या नाताळात मला फोनवर सांगितलं, की तिकडच्या एका शिबिरात त्याने येशूला निवडलं आणि त्याबद्दल त्याला एक टोपी मिळाली. मी अभिनंदन केलं, कारण फोनवर वाद घालणं मला पसंत नाही. पण मास्तर असते तर त्यांनी आधी टोपी काढून घेतली असती. "तू निवडलंस? तू? तुला दोन शर्टांतला एक निवडता येत न्हाय!" असं म्हणून मग पहिल्या प्रश्नापासून सुरुवात केली असती. मास्तर कोण होते हे तुम्हाला ठाऊक असावं, म्हणून हे क्रमाने लिहून ठेवते.

मास्तर मूळचे गडहिंग्लज तालुक्यातल्या नेसरीचे, कुणब्याच्या घरातले. त्यांना दोन मराठी येत. एक पुस्तकी, उपासनेत उभं राहून बोलायची. तिच्यात 'आहे', 'नाही' आणि 'कृपेच्या सिंहासनापुढे' असं सगळं जागच्या जागी असे. दुसरी गावाकडची, रागाची आणि लोभाची. ते पहिलीतून दुसरीत कधी घसरतील याची आम्ही मुलं वर्गात वाट पाहत बसायचो. बायको लवकर वारलेली, मूलबाळ नाही. रविवारी उपासना आटोपली की जेवायला आमच्याकडे. आईने केलेल्या कोंबडीच्या रश्श्याबद्दल ते देवाचे आभार मानत आणि आईला म्हणत, "मीठ कमी हाय."

वर्षातून एकदा, गुऱ्हाळं उरकली की, मास्तर नेसरीला जात. तिथे त्यांचे थोरले भाऊ होते, शिवराम; सगळे त्यांना अण्णा म्हणत. लहानपणी मास्तरांची हुशारी पाहून, बापाचा विरोध असताना, अण्णांनीच त्यांना चालत कोल्हापूरला आणून मिशनच्या शाळेत घातलं होतं. धाकटा शिकला, आणि एकोणिसाव्या वर्षी बाप्तिस्मा घेऊन मोकळा झाला. घरात त्याचा बोल लागला तो अण्णांना. बाप मरेपर्यंत अण्णांशी धड बोलला नाही. मास्तरांना हे ठाऊक होतं, आणि अण्णांचं तारण व्हावं याखेरीज दुसरं काही त्यांनी देवाजवळ मागितल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. स्वतः स्वर्गात बसायचं आणि ज्याने इथवर आणून सोडलं तो बाहेर, हे चित्र त्यांना सहन होत नव्हतं. शिकवण मात्र तीच: निवड देवाची, माणसाच्या हातात काही नाही.

नेसरीहून परत आले, की त्या रविवारी जेवताना ते दोघांच्याही आवाजात सगळी हकिगत सांगत. अण्णा त्यांना पडवीत उतरवत, प्यायला वेगळा तांब्या देत, आणि दोन वेळा जातीने शेजारी बसून जेवू घालत. मधल्या वेळात वाद.

"अण्णा म्हनला, तुझा देव निवडतो म्हंजे कसा निवडतो रं? बाजारात बैल निवडत्यात तसा? दात बघून?"

"मग तुम्ही काय म्हणालात?" बाबा विचारत.

"म्या म्हटलं, न्हाय अण्णा, तो गुण बघून निवडत न्हाय. निव्वळ कृपा. तर म्हनतो, मग तुझा नंबर कसा लागला ते आता कळलं."

यावर सगळ्यात मोठ्याने मास्तरच हसत. मग म्हणत, "अवंदाबी न्हाय आला."

एकदा मी विचारलं. तेव्हा मी चौदा-पंधरा वर्षांची होते आणि इंग्रजी शाळेत तर्कशुद्ध बोलण्याबद्दल बक्षिसं मिळवत होते. "मास्तर, अण्णांचं काय व्हायचं ते देवाने आधीच ठरवलंय ना? मग तुम्ही दरवर्षी मोटारीत कोंबून घेऊन कशाला जाता?"

मास्तरांनी भाकरीचा तुकडा मोडला. "त्यानं जे ठरवलंय, त्यात माझी मोटारबी ठरलीय. खा गप."

त्याच सुमारास कोल्हापूरचं संस्थान विलीन झालं. गावातली मोठी माणसं चौकाचौकात हळहळत होती, की राजा आहे पण राज्य नाही, हे कसलं राजेपण. मास्तरांना त्याचं सुखदुःख नव्हतं. त्यांच्या राजाला कुठे सही करायला लागली नव्हती. उलट त्या रविवारी त्यांनी देवाच्या सार्वभौमत्वावर पाऊण तास प्रार्थना केली. शेवटी पाळकसाहेबांना मध्येच 'आमेन' म्हणून ती आवरावी लागली.

आता माझ्या परीक्षेबद्दल. आमच्यात मुलं मोठी झाली, की त्यांना प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाच्या पंगतीला घेण्याआधी मंडळीचे वडील त्यांची तपासणी करतात. वडील म्हणजे निवडून दिलेले पंच. मास्तर त्यांतले सगळ्यात जुने. तपासणी सहसा नावापुरती असे. आईने माझ्यासाठी पांढरं पातळ आणून ठेवलं होतं, ब्लाउज शिवून तयार होता. मी एकशेसात प्रश्नोत्तरं पाठ करून गेले आणि विचारलेली सगळी बिनचूक म्हटली. पाळकसाहेब मान डोलवत होते. मग मास्तरांनी विचारलं, "करुणा, तू कुणासाठी आलीस?"

हा प्रश्न पुस्तकात नव्हता. मी खरं ते सांगितलं. "आईबाबांना बरं वाटावं म्हणून."

"मग भाकर आईबाबांकडंच खा," मास्तर म्हणाले. "पुढच्या वर्षी ये."

पाळकसाहेब म्हणाले, "अहो मास्तर, हेडमास्तरांची मुलगी आहे."

"म्हनूनच. देवाला 'व्हय' म्हणायला आली असती तर घेतली असती. ही आईला 'व्हय' म्हणायला आलीय. दुसऱ्याचं 'व्हय' देवाच्या पदरात टाकायला म्या काय दलाल हाय?"

मी चिडून म्हटलं, "माझं काय ते ठरलेलंच आहे ना? मग तुम्ही नापास करून देवाचा निकाल फिरवणार की काय?"

"निकाल त्याचाच. म्या नुसते पेपर वाटतो."

आई रडली. पातळ ट्रंकेत गेलं. पुढच्या वर्षी मास्तर नेसरीला गेलेले असताना तपासणी झाली आणि मी पास झाले. हाही देवाचाच संकल्प असणार. मास्तरांच्या शिकवणीप्रमाणे दुसरं काही म्हणता येत नाही. पण मी त्यांच्याशी तीन वर्षं धड बोलले नाही. 'सलाम मास्तर' म्हणायचं आणि पुढे चालायला लागायचं.

मी पुण्याला कॉलेजात असताना, एका उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आले, तर कंपाउंडात मोठी बातमी होती. पाचारण मास्तरांचे अण्णा आले होते. आपल्या पायांनी नव्हे. पोटात गाठ झाली होती. मास्तरांनी त्यांना नेसरीहून गडहिंग्लजपर्यंत बैलगाडीत आणि पुढे मोटारीत, मांडीवर डोकं घेऊन आणलं आणि मिशनच्या दवाखान्यात दाखल केलं. इतक्या वर्षांत कधीमधी शेंगांचं पोतं घेऊन अण्णा कोल्हापूरला येत, पण फाटकाच्या आत त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं. आई त्याच दवाखान्यात नर्स होती. तिने सांगितलं, पोट उघडून डॉक्टरांनी तसंच शिवलं, आठवडाभर काढतील.

मंडळीत एकदम उत्साह संचारला. तो मरणाऱ्या माणसाबद्दल होता हे लक्षात घेतलं, तर थोडा जास्तच होता. वीसपंचवीस वर्षं मास्तर ज्याच्यामागे लागले, तो माणूस आयता कंपाउंडात येऊन पडला होता. पाळकसाहेब दिवसातून दोनदा वॉर्डात डोकावत. बाप्तिस्म्याचं चांदीचं भांडं घासून नर्सबाईंच्या कपाटात आणून ठेवलं गेलं. म्हणजे देवाने हाक मारलीच, तर पाण्यावाचून अडायला नको.

आणि मास्तर गप्प. अण्णांचे पाय दाबत बसायचे, माशा वारायच्या, ओठांना कापसाने पाणी लावायचं. येशूचं नाव नाही, कृपेचं नाव नाही. मी डबा घेऊन जायची. पहिल्या दिवशी मला भीती वाटली, की अण्णा आमच्या घरचं खातील की नाही. त्यांनी मऊ भाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कुणाची गं तू?"

"हेडमास्तरांची."

"आण. पोटात ही एवढी गाठ बसलीय, आता बाटायला जागा ऱ्हायलीय कुठं?"

दोन घास खाल्ले. तिसरा गेला नाही.

पाचव्या दिवशी दुपारी मी डबा ठेवत होते. अण्णांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "काय रं, गप का? इतकी वर्सं माझं डोस्कं खाल्लंस, आन् आता मला पळता येईना तर तुझी वाचा गेली व्हय?"

मास्तर पाय दाबत राहिले.

"तो तुमचा साहेब येऊन बघून जातुया. गिधाडावानी. भांडंबी आणून ठेवलंय म्हनं."

"तू इस्रांत घे अण्णा."

"ऐक. म्या म्हनतो 'व्हय'. आण तुझं पाणी."

माझ्या हातातलं झाकण खाली पडलं. मास्तर उठून उभे राहिले. त्यांचं तोंड इतकं उजळलेलं मी पुन्हा कधी पाहिलं नाही. ते वाकून म्हणाले, "अण्णा, खरंच? कळलं तुला? बोलावलं त्यानं?"

"त्यानं न्हाय बा बोलावलं," अण्णा म्हणाले. "तूच बसलाईस हितं तोंड पाडून. पाच दिस बघतोय. तुला बरं वाटंल म्हनून म्हनतो. हाय काय त्यात? दोन थेंब पाणी."

मास्तर खाली बसले. भांडं कपाटात होतं, चार पावलांवर. पाळकसाहेब पलीकडच्या व्हरांड्यात होते. एक हाक मारायची खोटी. अण्णांनी काय कारण दिलं हे मास्तर आणि मी, दोघांनीच ऐकलं होतं, आणि मी कुणाला सांगणार नव्हते. हे मास्तरांना दिसत होतं; त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलंही.

"माझ्यासाठी म्हनू नगंस अण्णा," ते म्हणाले. "त्याच्यासाठी म्हन."

"त्याला म्या वळखत न्हाय," अण्णा म्हणाले. "तुला वळखतो."

मास्तरांनी त्यांचे पाय पुन्हा मांडीवर घेतले आणि दाबू लागले. पाळकसाहेबांना त्यांनी हाक मारली नाही.

अण्णा दुसऱ्या दिवशी दुपारी गेले. त्यांना नेसरीला नेलं. अण्णांच्या मुलाने सगळं रीतीप्रमाणे केलं. मास्तर बरोबर गेले आणि चितेपासून लांब, बांधावर उभे राहिले, कारण त्यांना तिथे काही करायचं नव्हतं आणि दुसरीकडे कुठे जायचंही नव्हतं.

परत आल्यावर पंचांनी त्यांना बैठकीत विचारलं. असली बातमी वॉर्डात दबून राहत नाही. शेजारच्या खाटेवरच्या माणसाने सगळं ऐकलं होतं. एक वडील म्हणाले, "मास्तर, मनुष्य स्वतः पाणी मागतो, आणि तुम्ही नाही म्हणता? आत्मा हातातला गेला."

पाळकसाहेबही दुखावले होते. "हेतू शुद्ध करणं देवाचं काम होतं, मास्तर. तुम्ही पाणी तरी द्यायचं."

मास्तर उभे राहिले आणि पुस्तकी मराठीत बोलले. "माझ्या भावाने मला होकार दिला. तो देवाच्या नावावर मी कसा खपवू?" आणि खाली बसले.

त्या आठवड्यात ते आमच्याकडे आले, रविवार नसताना. आई आत होती. ते ओट्यावर बसले आणि मला म्हणाले, "तू कॉलेजात शिकतीस. तिथं हुतीस. म्या चुकलो काय गं?"

तीन वर्षं मी याच संधीची वाट पाहत होते. माझ्याजवळ चांगली चार धारदार वाक्यं तयार होती आणि सगळी तर्कशुद्ध होती. ती कुठे गेली कोण जाणे. मी म्हटलं, "मास्तर, माणूस मरायला टेकलेला असताना दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहून 'हो' म्हणतो, हे त्याचं त्याला सुचतं का? देव ओढतो तेव्हा माणूस येतो, असं तुम्हीच शिकवलंत. कुणाच्या दोराने ओढतो, हे कुठे सांगितलंत?"

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मग हात वर केला, वर्गात गोंगाट थांबवायला करायचे तसा.

"नको. असं बोलू नकोस. गोड लागतंय. गोड लागतंय म्हनूनच भ्या वाटतंय."

चहा न घेता ते गेले. मास्तर आमच्या घरातून चहा न घेता गेले, असं त्याआधी घडलं नव्हतं.

दर बुधवारी संध्याकाळी पाच वाजता आमच्यात प्रार्थनासभा असे. ज्याच्या मनात जे नाव असेल ते तो मोठ्याने घेऊन प्रार्थना करी आणि मग सगळे 'आमेन' म्हणत. कुणाचा आजारी मुलगा, कुणाची नोकरी, कुणाचा दारूत बुडालेला नवरा. मेलेल्या माणसासाठी प्रार्थना मात्र आमच्यात करत नाहीत. श्वास थांबला की देवाचा निर्णय झाला; त्यानंतर शब्द घालणं म्हणजे देवाच्या अधिकारात ढवळाढवळ. हे आम्हाला कुणी शिकवलं होतं, ते मी सांगायला नको.

अण्णा जाऊन महिना झाला असेल. त्या बुधवारी मास्तर उभे राहिले. डोळे मिटून त्यांनी पुस्तकी मराठीत सुरुवात केली, सिंहासन वगैरे सगळं आलं, आणि मग ते थांबले.

"प्रभू, नेसरीचा शिवराम. तुझं काय ते ठरलेलंच आहे. त्यात मी बोलावं असं काही उरलेलं नाही. तरी सांगतो. त्यानं मला चालवत आणलं. माझे पाय दुखले तवा खांद्यावर घेतलं. तुला वळखत नव्हता. तू त्याला वळखतोस. यवढंच."

ते बसले. आमेन आलं नाही. माझे डोळे मिटलेले असायला हवे होते, पण मी पाहत होते. ज्या वडिलांनी 'आत्मा हातातला गेला' म्हटलं होतं, त्यांचेही डोळे उघडे होते. ते पाळकसाहेबांकडे पाहत होते, की आता हे कसं थांबवायचं. पाळकसाहेब खोकले. आमेन म्हणावं, तर शिकवण मोडते. न म्हणावं, तर मास्तर. शेवटी मागच्या बाकावरून माझी आई म्हणाली, "आमेन." तिच्या आवाजात वॉर्डातली जरब होती. मग बाबा म्हणाले, मग मी, मग हळूहळू सगळेच.

मास्तरांनी ती प्रार्थना पुढे दर बुधवारी केली. मी शिकून परत आले आणि कोल्हापुरातच मुलींच्या शाळेत नोकरीला लागले, तोवरही ती चालू होती. शब्द बदलले नाहीत. मंडळीच्या इतिवृत्तात प्रत्येक फुटलेल्या काचेची नोंद आहे, या गोष्टीची मात्र एका अक्षराची नाही. शनिवारच्या वर्गात ते पूर्वीसारखंच, तितक्याच ठामपणे शिकवत राहिले, की माणसाच्या हातात काही नाही. एका मुलाने त्यांना विचारलं, की मग तुम्ही बुधवारी कुणासाठी प्रार्थना करता? मास्तर म्हणाले, "पुढचा प्रश्न."

पाच-सहा वर्षांनी मास्तर गेले, अंथरुणाला न खिळता, रविवारी सकाळी. कंपाउंडातली सगळी घरं उशिरा उठली आणि मग एकमेकांच्या दारात येऊन विचारू लागली, की आज काय झालं.

पुढच्या बुधवारी सभा भरली. नावं घेऊन झाली. मास्तर जिथे बसत ती जागा कुणी घेतली नव्हती. पाळकसाहेब म्हातारे झाले होते, त्यांना उठायला वेळ लागला. मास्तरांच्या त्या पहिल्या प्रार्थनेला आमेन म्हणावं की नाही, या पेचात खोकलेला हा माणूस. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "प्रभू, नेसरीचा शिवराम. आणि त्याचा धाकटा भाऊ." आणि पुढे काही न सुचून तसेच उभे राहिले.

आमेन म्हणायला या वेळी आम्हाला वेळ लागला नाही.